ओटा अजून ओला आहे

खोली बघायला गेले तेव्हा नानांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठं करते तेही नाही. हातातला भरलेला तांब्या खोलीच्या मधोमध ओतला आणि म्हणाले, "सांग पोरी, कोठी जाईन हे पाणी?"

आता काय सांगणार? मी धुळ्याहून पहिल्या एसटीनं आलेली, खांद्यावर बॅग, पोटात चहासुद्धा नाही. म्हटलं, "मोरीकडे?"

"चूक."

पाणी सावकाश सरकत सरकत खाटेखाली गेलं. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत राहिले, जसं कुणी नातेवाईकाची गाडी वळेपर्यंत बघतं. मग म्हणाले, "गवंड्यानं ढाळ उलटा देला. खाटेखाली पेटी ठेवू नको. भाड्याचं अक्काले विचार." आणि आत उभ्या बायकोकडे बोट दाखवून गेले. झाली मुलाखत.

संध्याकाळी आईला फोन केला तर आई म्हणाली, "तुना घरमालक याडा शे का?" मी म्हटलं, माहीत नाही गं, पण त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. आजवर किती खोल्या बघितल्या, कुणी आपणहून दोष दाखवला का? घेतली खोली. जळगावातली माझी सगळी नोकरी मी त्याच खोलीत काढली आणि खाटेखाली कधी पेटी ठेवली नाही.

नाना म्हणजे पाटबंधारे खात्यातले पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, दार किती उचलायचं, हे बघायचं काम. यावल-फैजपूरकडच्या कालव्याच्या चाऱ्यांवर, केळीच्या पट्ट्यात, सायकलवर आयुष्य गेलं. रिटायर झाले, जळगावात घर बांधलं, पण पाण्यामागं फिरायची सवय काही सुटली नाही. पाऊस आला की लोक आत पळतात, नाना बाहेर. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचायची, काळी छत्री घ्यायची आणि गल्लीतलं पाणी कुठं चाललंय ते बघत त्याच्या मागंमागं जायचं. कुणाच्या दारात तुंबलं की पायानं दगड सरकवायचा, काडीनं नाली मोकळी करायची. कुणी सांगितलेलं नाही. कुणी थँक्यू पण म्हणत नाही. परत येणार ते थंडीनं ओठ निळे, अंग चिखलानं भरलेलं, आणि अक्का म्हणणार, "आले का? कोठपर्यंत सोडून आले त्याले?"

एकदा भाचीच्या नवीन बंगल्याच्या वास्तुशांतीला गेले आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आत हॉलमधल्या त्या चकचकीत फरशीवर तांब्या ओतला. पाणी गेलं थेट देवघरात. भाचीचा नवरा त्यानंतर वर्षभर बोलत नव्हता. नाना म्हणाले, "मी कोठी नेलं? तेच गेलं."

त्यांचा एकच शत्रू. गळती. नळ टपकत असला तर त्यांना झोप येत नसे. कालव्याला भोक पडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी, व्यभिचार, जे काय असेल ते सगळं. "ज्याच्याकडं गळती, त्याच्याकडं बरकत नाही," हे रोजचं वाक्य. आणि दुसरं वाक्य, जे मला नंतर नंतर ऐकवेनासं झालं, ते म्हणजे, "वाळू दे."

अरे हो, ब्रशचं सांगायचं राहिलं. ते महत्त्वाचं आहे.

माझी खोली मागच्या बाजूला. स्वयंपाकघराचं मागचं दार आणि त्याच्या पायऱ्या माझ्या खिडकीला लागून. रोज पहाटे खर्र खर्र, खर्र खर्र. नाना उकिडवे बसून तारेच्या ब्रशनं सगळ्यात खालची पायरी घासताहेत. शहाबादी फरशीची साधी पायरी. थंडी असो, ताप असो, घासायचीच. माझी लॅबमधली ड्युटी सकाळची, उपाशीपोटी रक्त द्यायला लोक लवकर येतात, तर मी कधी मोबाइलला गजर लावलाच नाही. खर्र खर्र झालं की उठायचं. मला वाटायचं हीसुद्धा एक त्यांची तऱ्हा. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी लागतंच.

पण मी राहायला गेले तेव्हा हा ब्रश नव्हता. तो अक्का पडल्यानंतर आला. हे मला जोडायला फार वेळ लागला.

अक्का पडल्या ते माझ्या तिथल्या पहिल्याच भादव्यात. मागच्या दारानं वाळत घातलेलं काढायला उतरल्या, खालच्या पायरीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, महिनोन्‌महिने झोपून काढले, मग वॉकर आला. वॉकर घेऊन त्या घरात सगळीकडे फिरायला लागल्या. पण मागच्या पायऱ्या उतरणं बंद. कायमचं.

आता तुम्ही म्हणाल, मग पुढच्या दारात बसायचं. पुढच्या दारात रस्ता. ट्रॅक्टर, धूळ, हॉर्न. अक्कांचं सगळं जग मागच्या अंगणात होतं. तिथं कागदी लिंबाचं झाड, धुण्याचा दगड, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या विमलमावशी. दोघी भिंतीच्या अल्याडपल्याड उभ्या राहून अर्धा दिवस बोलायच्या. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, तिथंच, बाजेवर साडी अंथरून घातलेले. ते सगळं त्यांना आता स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचं, आणि दारातून दिसणं काय उपयोगाचं? विमलमावशी भिंतीवरून ओरडायच्या, अक्का आतून ओरडायच्या, मधे मिक्सर चालू झाला की संपलं. हळूहळू ओरडणं पण कमी झालं. मी महिन्याला घरीच त्यांचं रक्त घ्यायचे, साखरेसाठी. दंडाला रबर बांधलं की त्या दुसरीकडे बघायच्या. आधी मागच्या दाराकडे बघायच्या. नंतर भिंतीकडे बघायला लागल्या.

उचलून न्यायचं म्हटलं तर तेही नाही. "मी काय गाठोडं हाये? माह्या पायानं जाईन नाहीतर नाही जाणार."

म्हणून ओटा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला समपातळीत, थेट लिंबापर्यंत, पायऱ्यांच्या वरून जाणारा लाकडी ओटा. कल्पना त्यांच्या मुलाची, पुण्याच्या दादांची. त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातल्या बंगल्याचा फोटो पाठवला. नानांनी फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाले, "पाणी कोठी जाते ते दिसत नाही यात."

सगळे म्हणत होते, स्लॅब टाका, सिमेंट ओता, आठ दिवसांत काम. नाना ऐकेनात. एक तर जळगावचं ऊन, मे महिन्यात सिमेंटवर पाय ठेवून दाखवा. आणि दुसरं, आमच्याकडची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती कणकेसारखी फुगते. "कालव्याचं सिमेंटचं अस्तर मी जिंदगीभर फुटतानाच पाह्यलं," नाना म्हणाले. "लाकडाचाच करू. लाकूड ऐकते."

लाकूड काय ऐकणार होतं! पहिला ओटा झाला तेव्हा रफिक मिस्त्रींनी आधीच हात वर केले होते. रफिक मिस्त्री म्हणजे सुतार, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, तोंडात कायम पेन्सिल. म्हणाले, "नाना, दरवाजा सांगा, दिवाण सांगा, पाळणा सांगा. ये क्या बनाऊं? छत आहे का फरशी आहे?"

"दोन्ही," नाना म्हणाले. "गळाले नको."

झालं. जुन्या लाकडाच्या वखारीतून सागाचे सरे, म्हणजे जाड तुळया, आणले, फळ्या पाडल्या, रंधा मारला, आणि भर मे महिन्यात एकमेकींना घट्ट चिकटवून ठोकल्या. पोस्टकार्ड जाणार नाही एवढ्या घट्ट. वर सांध्यांमध्ये नानांनी स्वतः डांबर भरलं. मिस्त्री म्हणाले, थोडी जागा सोडू या. नाना म्हणाले, "जागा सोडली म्हणजे गळती."

ओटा दिसायला एवढा देखणा झाला की विमलमावशी भिंतीवरून म्हणाल्या, "कोणाची सभा हाये हो? स्टेज तर झालं, माइक कधी?" अक्का त्या दिवशी आतल्या आत हसल्या. त्यांना लगेच बाहेर जायचं होतं. नाना म्हणाले, "डांबर ओलं हाये. वाळू दे."

डांबर वाळायच्या आत पाऊस लागला. आणि आमच्याकडे पाऊस रोज रोज नसतो, पण येतो तेव्हा बाकी काढायला आल्यासारखा येतो. वाळलेल्या फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि सरकायला जागाच नाही म्हटल्यावर मधून वर उठल्या. तव्यावरचा पापड कसा उठतो, तशा. एक दिवस दुपारी मी ड्युटीवरून आले तर ठाक करून खिळा उपटल्याचा आवाज. कडेला डांबर आणि मधे उंचवटे, त्यांच्या अधेमधे पाणी साचलेलं. खाली खांब नुसतेच काळ्या मातीत गाडलेले, माती फुगली तर तेही वर आले, एक कोपरा असा उचललेला जसं कुणी भुवई उडवावी. नाना छत्री धरून उभे. ते कुठंच जाणारं पाणी नव्हतं. नानांना पहिल्यांदाच पाण्यामागं जाता येत नव्हतं.

मला वाटलं आता हा माणूस सोडून देईल. मी तर सोडून दिलं असतं. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून मी एवढी दमायचे की साधी चादर बदलायचा कंटाळा यायचा. पण दिवाळीनंतर परत ठकठक सुरू.

या वेळी नाना हुशार झाले होते. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खड्डे केले, तळाशी दगडी तळखडे बसवले, जुन्या घरांत लाकडी खांबाखाली असतात तसे, आणि खांब त्यांच्यावर उभे केले. म्हणजे लाकूड मातीला शिवणारच नाही. हे काम एक नंबर झालं, मिस्त्रीसुद्धा म्हणाले. पण वर? वर परत फळ्या घट्ट, त्यांच्याखाली ताडपत्री, आणि पाणी साचू नये म्हणून ढाळ. ढाळ म्हणजे पाटकऱ्याचा ढाळ! मिस्त्री पाणसळ लावून बघत होते, तर नाना म्हणाले, "त्या बुडबुड्याले काय कळते?" आणि तांब्या ओतला. पाणी पळत गेलं. नाना खूश.

मी लिंबाचं एक लिंबू ओट्यावर ठेवलं. तेही पळत गेलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी मिस्त्रींकडे. कोण बोलणार? शेवटी अक्काच दारातून म्हणाल्या, "मी वॉकर घेऊन निघाली की लिंबाले जाऊन धडकणार, आणि तुम्ही म्हणसाल, कोठी जाईन ते पाह्यलं मी."

नानांनी ढाळ कमी केला. ढाळ कमी केला म्हणून ताडपत्रीवर पाणी थांबलं. वरून फळ्या वाळायच्या आणि खालून भिजत राहायच्या. पावसाळा संपता संपता पांढरी बुरशी, आणि फळी बोटानं दाबली की बोट आत. एवढा सुंदर साग! रफिक मिस्त्री म्हणाले, "नाना, माफ करा, मी आता नाही," आणि पेन्सिल खिशात ठेवून गेले. त्याच आठवड्यात दादांचा फोन. मी तिथंच होते, अक्कांचं रक्त घेत होते, फोन स्पीकरवर.

"नाना, दोन वर्षं झाली. आईनं आकाश बघितलं नाही. इकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे. पुढच्या वर्षी दिवाळीला मी येतोय. तोवर आई मागच्या अंगणात बसलेली दिसली तर ठीक. नाहीतर दोघं चला, घराचं आपण बघू काय करायचं ते."

नाना म्हणाले, "हां."

अक्का म्हणाल्या, "मले कोणी विचारते का?"

कुणी विचारलं नाही. फोन ठेवला. नाना उठून मागं गेले, आणि संध्याकाळ असूनही मला खर्र खर्र ऐकू आलं.

"हे काय घासतात हो रोज?" मी अक्कांना विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

अक्का दंडावरचा कापूस दाबून धरत म्हणाल्या, "न्हाणीचं पाणी वाया जाते म्हणून यायनं त्या साली नाली फिरवली ना लिंबाकडं, पायरीच्या कडेनं. लिंबू जगलं. पायरीवर शेवाळ आलं." मग थांबल्या. "त्यायले वाटते मले माहीत नाही. नाली तर मी पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी बुजवली त्यायनं. मी दवाखान्यात होती ना, त्यायले वाटलं म्हातारी काय पाहणार. पण लिंबाची पानं सुकली तेव्हाच मी समजली."

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना?"

"काय बोलू? थकला माणूस. मीबी थकली."

मी सिरिंज पिशवीत टाकली. मग मला एकदम कळलं की हा माणूस ओट्याच्या गळतीला का एवढा घाबरतो. ते पाणी अक्कांच्या पायाखाली यायला नको होतं. एक थेंबसुद्धा.

तिसऱ्या ओट्याची गोष्ट खरं तर बाजेपासून सुरू झाली. अक्कांची ती बिबडे घालायची बाज, मागं लिंबाखाली उभी करून ठेवलेली, अख्खा पावसाळा बाहेर. सुंभ थोडं काळं पडलं होतं, बाकी ठणठणीत. तिच्या शेजारी ओटा कुजलेला. नाना दारात बसून दोन्हीकडे बघत होते. अक्का मागून म्हणाल्या, "बाजीले भोकं हायेत. म्हणून ते वाळते. तुम्ही पाण्याले अडवता, मग ते बसते तिथंच. जाऊ दिलं असतं तर गेलं असतं."

नाना म्हणाले, "जागा सोडली तर तुह्या वॉकरचा पाय अडकीन."

"मग वॉकरच्या पायाहून कमी सोडा. तेवढी अक्कल हाये ना?"

नाना वॉकर उचलून रफिक मिस्त्रींच्या दुकानात गेले. मी ड्युटीवरून येताना बघितलं, दुकानाच्या फळीवर वॉकर उलटा ठेवलाय आणि दोघं म्हातारे त्याच्या रबरी बुटाकडे बघत बसलेत, जसं काही ऑपरेशन आहे. मिस्त्री परत आले.

तळखडे तेच, ते हललेसुद्धा नव्हते. ताडपत्री फाडून टाकली. या वेळी फळ्यांच्या मधे एक जाड खिळा उभा धरायचा, पुढची फळी त्याला टेकवायची, फळी पक्की झाली की खिळा काढून घ्यायचा, तो ठोकायचा नाही. म्हणजे तेवढी फट. मी सुट्टीच्या दिवशी खिळा धरायचं काम केलं, माझी बोटं काळी झाली आणि मला काय मजा आली सांगू! फळ्यांची कापलेली टोकं डांबरात बुडवली, कारण लाकूड टोकाकडूनच जास्त पाणी पितं, बाकी सगळ्याला जवसाचं तेल. आणि नाना अडून बसले की खिळे नाहीत, स्क्रू पाहिजेत. मिस्त्री म्हणाले बरोबर आहे, स्क्रू उपटत नाही. पण नानांचं कारण वेगळं होतं.

कारण असं की आजवर ते ओट्याखाली सरपटत शिरायचे, ते आता झेपत नव्हतं, म्हणून उंबऱ्याजवळच्या फळ्या उघडायला यायला पाहिजेत. खाली जुनी पायरी होती ना! ओट्याच्या खाली, अंधारात, जिथं आता कुणाचाच पाय पडणार नव्हता. नाना रोज पहाटे स्क्रू काढायचे, फळी बाजूला ठेवायचे, खाली हात घालून पायरी घासायचे, फळी परत बसवायचे. खर्र खर्र.

"वो पत्थर कोणाला दिसणार, नाना?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही तुमचं काम करा," नाना म्हणाले.

ओटा श्रावणाच्या आधीच झाला. पाऊस आला, फळ्या फुगल्या, फटी बारीक झाल्या, पण कुणी उठलं नाही. पाऊस थांबला, फळ्या वाळल्या. दहीहंडीला वाळल्या, पोळ्याला वाळल्या. गणपती आले, गेले. आणि अक्का आतच!

का? तर नाना रोज सकाळी तांब्या ओतून बघायचे. पाणी फटीतून खाली जायचं, गुपचूप, टपटप करत. नाना ओणवे होऊन ऐकायचे. मग अजून एक तांब्या. कोपऱ्यात एक. उंबऱ्याशी एक. अक्का वॉकर घेऊन दारात आल्या की, "थांब, ओला हाये. वाळू दे." दुपारी ऊन पडून वाळला की संध्याकाळी परत शंका, परत तांब्या. "वाळू दे." मी एकदा म्हटलं पण, "नाना, तुम्ही ओतणं बंद केलं तर वाळेल ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खोलीत निघून गेले. त्यांचे डोळे लाल, झोप नसलेले. रागावले नव्हते. नुसते थकलेले होते. आम्ही सगळेच थकलो होतो. विमलमावशींनी सुद्धा भिंतीवरून विचारणं सोडलं होतं.

दिवाळीला दादा आले. वसुबारसेचा दिवस, माझी पण सुट्टी, मी बॅग भरत होते धुळ्याला जायला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं म्हणून मीही मागच्या अंगणात आले, खोटं कशाला बोलू. रात्री एक सर येऊन गेली होती. दादांनी बूट सुद्धा काढले नव्हते.

"आई, तू अजून आतच? मग आपलं काय ठरलं होतं?"

नाना ओट्यावर उभे, हातात तांब्या. "ओटा पक्का हाये. फक्त आज ओला हाये. रात्री पाणी पडलं. वाळू दे, मग..."

"नाना, तुम्ही अडीच वर्षांपासून हेच म्हणताय." दादांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी तिकिटं काढू का?"

एवढी वर्षं अख्ख्या तालुक्याचं पाणी वळवलेला माणूस, त्याला वाक्य कुठं वळवावं कळेना.

"द्या इकडं," अक्का म्हणाल्या.

त्या दारात येऊन उभ्या होत्या. एक हात वॉकरवर, दुसरा पुढं केलेला. नानांना वाटलं पाणी प्यायचंय. त्यांनी तांब्या दिला. अक्कांनी तो उंबऱ्यापलीकडे, स्वतःच्या पावलांच्या समोरच, सगळाच्या सगळा उपडा केला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "कोठी जाईन?"

नाना सवयीनं वाकले.

"मी सांगते. खाली जाईन. त्या पायरीवर जाईन. शेवाळ येईन. येऊ द्या. तिथं आता कोण चालते?" आणि मग जरा हळू, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं, "मले माहीत हाये. पहिल्यापासून माहीत हाये. आता बस करा."

खालून टपटप ऐकू येत होतं. अक्कांनी रिकामा तांब्या दादांच्या हातात दिला आणि वॉकर बाहेर टाकला. ओल्या फळीवर. चारी रबरी बूट बसले. मग एक पाऊल. मग दुसरं, ते ओढत. नानांचे दोन्ही हात त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, धरलेले नाहीत पण सोडलेलेही नाहीत. आणि मी पहिल्यांदा बघितलं, समोर पाणी वाहतंय आणि नाना पाण्याकडे बघत नाहीयेत. ते अक्कांच्या पायांकडे बघत होते.

लिंबापर्यंत जायला खूप वेळ लागला. तिथं खुर्ची होती, ओट्याएवढीच जुनी आणि तेवढीच न वापरलेली. अक्का बसल्या. दम खाल्ला. हात लांब करून लिंबाचं एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला.

भिंतीपलीकडून विमलमावशींचं डोकं वर आलं. "अगं बाई! सुरू झाली का सभा?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "पहिलं भाषण माहंच हाये. तू फक्त ऐक, तीन वर्षांचं बाकी हाये."

आणि सुरू! कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या म्हशीचं काय. दादा तांब्या घेऊन तसेच उभे. मग त्यांनी बूट काढले आणि उंबऱ्यावर बसले. तिकिटांचं नाव कुणी काढलं नाही. अक्का मधेच बोलणं थांबवून म्हणाल्या, "चहा ठेवा कोणीतरी. आणि तो तांब्या आत नेऊन ठेवा, मोरीत, जिथं त्याची जागा हाये." नाना ओट्याच्या कडेला टेकले, पाय खाली सोडून. चहा आला तेव्हा ते बसल्या बसल्या अक्कांच्या खुर्चीला डोकं टेकून झोपले होते. अक्कांनी बोटानं गप्प राहायची खूण केली आणि त्यांचा चहा पण स्वतःच पिऊन टाकला, साखर असून.

माझी एसटी चुकली. म्हटलं उद्या दुपारी जाऊ, आणि लॅबला कळवलं की सकाळची अर्धी ड्युटी करते.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती खिडकीतून ऊन तोंडावर आलं म्हणून. लॅबमधून फोनवर फोन. दारात उपाशीपोटी माणसं रांग लावून उभी होती म्हणे. मी धावत पोचले तर सर म्हणाले, "काय मॅडम, आज उशीर?"

मी म्हटलं, "सर, आज गजर वाजलाच नाही."